पेटीच्या सायकलला जाऊ द्या की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांनी लिहिलं होतं की पुण्यात गाडी विका म्हणणाऱ्यांना दळण आणावं लागत नसणार, महिन्याचा किराणा, पाण्याचे जार, आजारी माणूस हे सगळं काय डोक्यावर घेऊन पायडल मारायचं का. वाचून मला हसू आलं, कारण त्याच दिवशी सकाळी मी गिरणीतून गहू-ज्वारीचे दोन डबे आणले होते, येताना वाटेत पाच किलो कांदे आणि एक कलिंगड घेतलं होतं, आणि ते सगळं सायकलवरून. म्हटलं काकांना उत्तर द्यावं. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी कर्वेनगरला राहते, वय ४७, नोकरी अकाउंट्सची, घरात नवरा, कॉलेजातली मुलगी आणि माझे बाबा. आमच्याकडे २०१४ सालची हॅचबॅक होती. मागच्या वर्षी इन्शुरन्स, पीयूसी, चार टायर आणि बॅटरी असं सगळं एकाच महिन्यात अंगावर आलं तेव्हा मी सवयीने वहीत लिहायला बसले आणि लक्षात आलं की ही गाडी आठवड्यातून तीनदा बाहेर निघते, दर वेळी चार-पाच किलोमीटरच्या आत, आणि त्यातला निम्मा वेळ पार्किंग शोधण्यात जातो. ऑफिसला दोघंही बसने किंवा मेट्रोने जातो. म्हणजे गाडी होती ती फक्त सामानासाठी. माणसं बाहेर जातायत आणि गाडी पिशव्या आणायला ठेवलीय! विकली. नवरा चार दिवस गप्प होता, मग त्याला पार्किंगची आठवण येईनाशी झाली.

पण सामानाचा प्रश्न काकांनी विचारलाय तसाच राहिला. साध्या सायकलच्या हँडलला दोन पिशव्या लटकवल्या की त्या गुडघ्याला लागतात, कॅरिअरवर डबा बांधला की सुतळी सुटते, आणि वजन उंचावर गेलं की उभी सायकल सुद्धा आडवी पडते, एकदा माझी पडलीच, दोन किलो साबुदाणा डीपी रोडवर. तेव्हा माझ्या भाचीने, ती नेदरलँड्सला असते, तिच्या सायकलचा फोटो पाठवला. पुढे लाकडी पेटी, पेटीत तिची दोन पोरं आणि भाजी. तिकडे त्याला बाकफीट्स म्हणतात. डेन्मार्कमध्ये दोन चाकी लांबलचक प्रकार १९२० च्या दशकापासून चालतोय, त्यात पेटी हँडल आणि पुढच्या चाकाच्या मधे, अगदी खाली असते. कोपनहेगनच्या ख्रिश्चानिया वस्तीत १९८४ मध्ये एका लोहाराने जोडीदारासाठी तीन चाकी पेटीची सायकल बनवली आणि पुढे त्याच नावाने ती जगभर विकली गेली. भाचीच्या सायकलची किंमत ऐकली आणि फोन ठेवला. तेवढ्यात आमच्याकडे बऱ्यापैकी सेकंडहँड कार येते.

फोटो बाबांना दाखवला तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले, यात काय आहे, आपला गॅसवाला काय करायचा? खरंच आहे. १४.२ किलो गॅस म्हणजे लोखंडासकट सिलिंडर जवळपास ३० किलोचा, असे चार चार सिलिंडर कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना आकड्यांना लटकवून माणसं आमच्या गल्लीत यायची. दूधवाल्यांच्या किटल्या, मुंबईत डबेवाल्यांच्या सायकली, गोव्यात पोदेर अजूनही सकाळ-संध्याकाळ पों पों करत मागे मोठी टोपली घेऊन पाव विकतात, आणि धारवाला तर सायकल स्टँडला लावून त्याच पायडलवर दगड फिरवतो. तेव्हा सायकलवरून माल वाहणं ही काही युरोपातून आलेली फॅशन नाही हो. फरक एवढाच की ते सगळे पोटासाठी करायचे म्हणून कुणी त्यांना सायकलप्रेमी म्हटलं नाही. (बाबांनी यावर सायकलच्या बिल्ल्याची गोष्ट सुरू केली, म्युन्सिपाल्टीचा पत्र्याचा बिल्ला नसेल किंवा रात्री दिवा नसेल तर पोलीस धरायचे, आणि डबलसीट तर हमखास. एकदा त्यांनी आईला लकडी पुलाच्या अलीकडे उतरवलं आणि पलीकडे परत बसवलं. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय.)

बाबा पिंपरीला एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते, रिटायर होऊन सतरा वर्षं झाली, हात स्वस्थ बसत नाहीत. ते म्हणाले आपण बनवू. मला वाटलं बोलतायत. रविवारी सकाळी सात वाजता पायात बूट घालून दारात उभे, जुन्या बाजारात चल म्हणून.

जुन्या बाजारातून १८०० रुपयांना एक २६ इंची गिअरची सायकल घेतली, चिमटा (पुढचं चाक धरतो तो) वाकलेला म्हणून स्वस्तात, आम्हाला चिमटा नकोच होता. तिथेच ७०० ला लहान मुलांची २० इंची. पुढचं चाक लहान का, तर ते लहान असलं की पेटी खाली राहते आणि लहान चाक जास्त मजबूत असतं, आरे आखूड असतात ना. त्या लहान सायकलचा हँडलचा पाइप बाबांनी कापून घेतला, पण कापायच्या आधी त्याचा तिरपेपणा पुठ्ठ्यावर आखून पुठ्ठा कापून ठेवला. म्हणाले हाच कोन परत आला पाहिजे, सरळ झाला तर चाक आपलं आपण सरळ येणार नाही, तुला सारखं हँडल सावरत बसावं लागेल. तो पुठ्ठा, साबणाच्या खोक्याचा, अजून आमच्या फ्रिजवर आहे.

मग पाइप. दोन इंची गोल, दोन मिलिमीटर जाडीचा, वीस फुटी येतो आणि किलोवर मिळतो, दुकानदार कापून देत नव्हता तर बाबांनी तिथे उभं राहून त्याच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि त्याने कापून दिला. हा पाइप म्हणजे सायकलचा कणा. मागच्या सायकलच्या पायडलच्या कप्पीपासून निघतो, जमिनीला लागून पुढे जातो आणि पुढे वर चढून लहान चाकाचा हँडलपाइप धरतो. एका चाकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सहा फूट पाच इंच, पूर्ण सायकल आठ फुटांच्या जवळ. आमची साधी सायकल साडेपाच-सहा फूट असते, तेव्हा दोनच फूट जास्त, पण ती दोन फूट काय काय करतात ते पुढे सांगते.

वेल्डिंग धायरीला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे केलं. तो ग्रिल आणि गेट बनवतो. आधी म्हणाला, ताई, सायकल नाही जमणार, पाइप पातळ असतो, भोक पडतं. बाबा म्हणाले, मी बसतो शेजारी. आणि बसले, तीन शनिवार, प्लॅस्टिकच्या स्टुलावर. दोन गोल पाइप एकमेकांवर बसायचे तर एकाचं टोक अर्धगोल घासावं लागतं, मधे फट राहिली की तिथे नुसता मसाला भरला जातो आणि पुढे तोच जोड तडकतो. बाबा प्रत्येक जोड उजेडाकडे धरून बघायचे, उजेड दिसला की परत कानस. फॅब्रिकेशनवाला वैतागला असणार पण बोलला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेल्डिंगने पाइप ओढतो. एका बाजूने तापवलं की थंड होताना त्या बाजूला वाकतो. म्हणून आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे, मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी ताणायची, ओळंबा सोडून दोन्ही चाकं उभी एका रेषेत आहेत का बघायचं, आणि मग थोडं इकडे थोडं तिकडे असं भरत जायचं. आमचं पहिल्यांदा पुढचं चाक १२ मिलिमीटर डावीकडे गेलं होतं. डोळ्याला अजिबात दिसत नव्हतं. सुतळीला दिसलं. टाके तोडून परत केलं.

आता गंमत. या सायकलचं हँडल पुढच्या चाकापासून बरंच मागे असतं, त्यामुळे हँडलच्या दांड्याच्या खाली एक छोटा आडवा हात, चिमट्याला तसाच एक हात, आणि दोघांना जोडणारा लांब रॉड पेटीच्या खालून, असं करावं लागतं. रॉडच्या दोन्ही टोकांना बॉलजॉइंटवाले रॉड एंड, बोहरी आळीत दोन मिळून ५०० ला मिळाले. तर झालं काय की त्या दिवशी बाबांना ताप होता, मी एकटीच धायरीला गेले. फॅब्रिकेशनवाल्याने हँडलकडचा हात डावीकडे लावलेला आणि चिमट्याकडचा उजवीकडे, कारण डावीकडे ब्रेकची केबल येत होती आणि त्याला ते नीट दिसत नव्हतं. मला तरी कुठे काय कळत होतं, मी म्हटलं छान दिसतंय. बसले, एक पायडल मारलं, डावीकडे वळायला हँडल डावीकडे फिरवलं आणि सायकल उजवीकडे, थेट रंगवायला ठेवलेल्या गेटवर. साधं आहे हो नंतर विचार केला तर, हँडलखालचा डावीकडचा हात मागे गेला की रॉड मागे ओढला जातो, आणि रॉडने चिमट्याचा उजवा हात मागे ओढला की चाक उजवीकडेच वळणार, दुसरं काय करेल बिचारं. गेटचा रंग माझ्या कुर्त्याला लागला तो गेला नाही. बाबांना फोनवर सांगितलं तर ताप असून पाच मिनिटं हसत होते. फॅब्रिकेशनवाल्याने रॉडचे दोन्ही हात एका बाजूला करून दिले, पैसे घेतले नाहीत.

बाकी सगळं भराभर झालं. बाराएमएम वॉटरप्रूफ प्लायची पेटी, अडीच फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, तळाला पाणी जायला चार भोकं. मागे सात गिअरचा फ्रीव्हील होता तोच ठेवला, पुढची चक्री लहान लावली म्हणजे चढाला हलकं जातं. ब्रेकमध्ये मात्र काटकसर करू नका, जुन्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक लागतच नाही, आम्ही दोन्ही रिमा अल्युमिनियमच्या केल्या आणि ब्रेक नवे घेतले. आणि स्टँड! एका पायाचं स्टँड चालत नाही, रुंद दोन पायांचं लागतं, नाहीतर सामान भरता भरता सायकल निघून जाते. चाकांचे आउट, म्हणजे डगमग, गल्लीतल्या सायकलवाल्याने काढून दिले, तो म्हणाला चाळीस वर्षांत अशी सायकल नाही बघितली, आणि मग गिऱ्हाईक थांबवून स्वतः एक चक्कर मारून आला. एकूण खर्च साडेतेरा हजार. भंगारवाल्याच्या काट्यावर वजन केलं, पेटीसकट ३८ किलो. जड आहे, पण जड असल्याचं चढावरच कळतं.

चालवायला काय लागतं तर एवढंच की पुढच्या चाकाकडे बघायचं नाही. ते तुमच्यापासून पाच फूट लांब वळताना दिसतं, त्याच्याकडे बघितलं की पोटात गोळा येतो आणि सायकल झिंगते. नजर रस्त्यावर ठेवली की पाच मिनिटांत जमतं. पहिली ट्रायल मैदानात पाण्याचे २० लिटरचे तीन जार भरून केली, ६० किलो, आणि खरं सांगते, रिकामी असताना जेवढी डुगडुगते तेवढी भरलेली डुगडुगत नाही. वजन गुडघ्याच्या खाली असतं ना. मागे कॅरिअरवर १५ किलो घेऊन जो घाम फुटायचा तो इथे ५० किलोला फुटत नाही.

बाबांना दातांच्या डॉक्टरकडे पेटीतून नेलं. गोधडी घडी करून टाकली, पाठीला उशी. म्हणाले, अगं मी काय गणपती आहे का. पण येताना स्वतःच जाऊन बसले आणि वाटेत दोन ओळखीच्यांना हात केला.

गणपती तर आणलाच. भाद्रपदात कसब्यात कुंभारवाड्यातून शाडूची दीड फुटी मूर्ती. एरवी गाडीत मांडीवर घेऊन यायचो, प्रत्येक खड्ड्याला नवऱ्याचे डोळे मिटलेले. या वेळी पेटीत पाट, पाटावर मूर्ती, चारी बाजूंना गोधड्या दाबून, तोंडावर रेशमी रुमाल, मुलगी शेजारून तिच्या सायकलवर झांज वाजवत. म्हात्रे पुलावर एका पीएमपी बसच्या ड्रायव्हरने थांबून आम्हाला पुढे जाऊ दिलं आणि खिडकीतून मोरया म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्या पुलावर मला कुणी आधी जाऊ दिलं.

आणि मग घराच्या अलीकडे दोनशे मीटरवर, मी ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते आलं. एका सोसायटीने गेटसमोर आपला आपण बनवलेला स्पीडब्रेकर. एका रात्रीत उगवलेला, फूटभर रुंद, मी नंतर टेपने मोजला, साडेसहा इंच उंच. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था आहे, तिच्या नियमात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, म्हणजे बारा फूट रुंद आणि चार इंच उंच, गाडी त्यावर चढते आणि उतरते. हा असला कट्टा रस्त्यात आडवा टाकला की लांब सायकलचं पुढचं चाक पलीकडे उतरतं, मागचं अलीकडे असतं, आणि पोट मधे घासतं. त्याच पोटाखाली माझा रॉड आहे. आदल्याच महिन्यात याच ठिकाणी तो रॉड वाकला होता आणि मला सायकल घरी ढकलत आणावी लागली होती, हँडल सरळ धरलं की चाक पंधरा अंश डावीकडे. आता पेटीत गणपती. उतरले, मुलीने पुढून धरलं, मी मागून, आणि कोपऱ्यावरच्या मंडळाची चार पोरं धावत आली, त्यांनी सायकल गणपतीसकट उचलून पलीकडे ठेवली. पोरांचं कौतुक आहेच, पण रोज दळण आणताना मी चार पोरं कुठून आणू?

काकांना माझं हेच सांगणं आहे. वजनाचा प्रश्न नाहीये हो. वजन सायकल नेते, आणि मी काही पैलवान नाही. अडतं ते वाटेवर आणि उभं करायला.

आता वाटेवरचे खांब घ्या. आमच्या भागात फुटपाथला लागून सायकलसाठी म्हणून एक पट्टा केलाय. त्याच्या तोंडाशी मोटरसायकली येऊ नयेत म्हणून लोखंडी खांब, दोन खांबांमधे दोन फुटांची फट, आणि तीन फुटांवर परत एक खांब, त्यातून नागमोडी जायचं. माझं हँडल २५ इंच. आणि आठ फुटी सायकल त्या नागमोडीतून वळतच नाही. बरं, व्हीलचेअर पण जात नाही, एक आजी रोज नातवाची बाबागाडी उचलून नेताना मी बघते. आणि ज्यांना अडवायला हे खांब लावले ते स्कूटरवाले? ते शेजारच्या दुकानासमोरच्या उतारावरून आरामात चढतात. मी माझ्यापुरतं मोजून बघितलंय, दोन खांबांत तीन सव्वातीन फूट ठेवले आणि तो पुढचा खांब काढला तर पेटीची सायकल, व्हीलचेअर, बाबागाडी, भाजीवाल्या मावशींची छोटी हातगाडी सगळं जातं, आणि मोटारी तरीही जात नाहीत. मोटरसायकली आज तरी कुठे थांबल्यात.

हे मी एका ऑफिसात जाऊन लेखी दिलं. तिथल्या साहेबांनी सायकलचा फोटो बघितला, कौतुक केलं, किती ॲव्हरेज देते असा जोकही केला, आणि मग म्हणाले, मॅडम, ही सायकल आहे की हातगाडी आहे ते आधी ठरवायला लागेल, सायकल असेल तर सायकलच्या मापात पाहिजे आणि हातगाडी असेल तर परवाना. मी म्हटलं सायकलचं माप कुठे लिहिलंय ते दाखवा. चहा पाजला. आठ महिने झाले.

आणि सोसायटी! आमचं एक कार पार्किंग आहे, फ्लॅट घेताना वेगळे पैसे मोजलेलं. कार विकली, तिथे सायकल लावली. मीटिंगमध्ये विषय निघाला की कार पार्किंगमध्ये फक्त कार लावता येते, सायकल सायकलस्टँडला लावावी. सायकलस्टँडला ती मावत नाही, दोन फूट बाहेर येते, मग बाकीच्यांची तक्रार. म्हणजे साडेबारा फूट लांब लोखंडी डबा तिथे आठवड्यातले चार दिवस धूळ खात उभा होता तर चालत होतं, आणि त्याच जागेत आठ फुटी सायकल रोज वापरात आहे तर नियमात बसत नाही. एका शेजाऱ्यांनी तर सौजन्याने विचारलं की जागा रिकामीच आहे तर आमची दुसरी गाडी लावू का. रिकामी! सायकल समोर उभी असताना! बाबांनी त्या भिंतीवर पुठ्ठ्यावर लिहून लावलंय, वाहन उभे आहे.

मंडईजवळ मात्र पार्किंगवाला पोरगा म्हणाला, ताई ही दोन गाड्यांची जागा खाते, दोनाचे पैसे द्या. दिले. ते मला पटलं.

पुणं सायकलींचं शहर होतं हे वाक्य आता कृपा करून कुणी ऐकवू नका, ज्यांनी ऐकवायचं त्यांच्याकडे आता दोन दोन गाड्या आहेत. २०१७ च्या शेवटी महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, ८२४ किलोमीटरचं जाळं होतं त्यात. त्याच सुमाराला शेअरिंगच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, ॲपवर कुलूप उघडायचं, मुलगी शाळेत होती तेव्हा भारी कौतुक होतं, आणि काही वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. सायकली वाटून किंवा लाल पट्टे मारून होत नाही हे, कारण बाईमाणूस घरातून निघते ती एका कामासाठी निघत नाही, ऑफिस, येताना भाजी, मधे औषधं, शेवटी दळण अशी निघते, आणि त्या सगळ्याचं ओझं संध्याकाळी सहा वाजता तिच्या हातात असतं. ते ओझं ठेवायला जागा नसलेली सायकल तिच्या काय कामाची? आणि ओझं ठेवायला जागा असलेल्या सायकलला तुमच्या फटीतून जाता येत नाही.

मी काही साधू झालेले नाही. धो धो पाऊस असला की रिक्षा करते. लग्नाला सातारला गेलो तेव्हा गाडी भाड्याने घेतली. चांदणी चौकाचा चढ भरलेल्या पेटीने मी चढलेले नाही आणि चढणार पण नाही, त्यासाठी मोटरचं किट बघून ठेवलंय, २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन लागत नाही, पण सध्या गुडघे चालतायत. डीपी रोडवर लग्नसराईत दोन्ही बाजूंना लॉन्सवाल्यांच्या गाड्या लागल्या की मी सरळ उतरून चालते. आणि खालच्या प्लायला पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले, वॉटरप्रूफ म्हणून जास्त पैसे घेतले होते त्याने, आता कडा तासून दोन हात ऑइलपेंट मारलाय, बघू.

गाडीवर वर्षाला जे जात होतं, पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग धरून, ते माझ्या वहीत ६१ हजार आहे. सायकल, रिक्षा आणि सातारची भाड्याची गाडी मिळून या वर्षी १९ हजार झाले, सायकल बनवण्याच्या साडेतेरा हजारांशिवाय. तेही धरले तरी अर्ध्याच्या थोडं वर जातं. नवऱ्याने तीनदा बेरीज तपासली.

तर काकांनी कधीही कर्वेनगरला यावं, चक्कर मारावी, चहा प्यावा, बाबांकडून बिल्ल्याची गोष्ट ऐकावी. आणि संपादक महोदय, पत्र लांबलंय हे मला कळतंय, कापायचं तर माझं कौतुक, गणपती, बाबा, काहीही कापा, फक्त साडेसहा इंची स्पीडब्रेकर आणि दोन फुटांची फट एवढं राहू द्या, आकड्यांसकट.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे

ता.क. पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, पाइपाची जाडी लिहिलीस पण चिमट्याचं नाही लिहिलंस, लहान सायकलचा चिमटा वापरू नका, तो या वजनाला टिकत नाही, आम्ही जाड पाइपाचा वेगळा घेतला. तर तेही छापा.